मातेरं

उदगीरच्या मोंढ्यात मी काट्यावर असतो.
पोतं चढतं, आकडा पळतो, थरथरतो, थांबतो,
मी ओरडतो, मुनीम लिहितो.
ओल असली की कडता, माती असली की कडता.
अर्धा किलो इकडचं तिकडं झालं
तर आडत्याच्या आधी माझी झोप उडते.

आज अमावास्या, मोंढा बंद.
महानंदा दवाखान्यात सकाळच्या ड्युटीला.
जाताना उंबऱ्यातून म्हणाली,
भरवायचं नाही. पुढं ठेवायचं, खाऊ द्यायचं त्याला.
एक चप्पल पायात, एक हातात, परत वळून,
अन् मोबाईल दाखवायचा नाही.

तर सुगत, महिने नऊ,
खाली दोन दात, वरचा एक येऊ घातलेला,
अंगावर फक्त करदोडा,
बसलाय परातीसमोर.
मऊ भात, मुगाचं वरण,
दुधात भिजवलेला भाकरीचा पापुद्रा,
उकडलेल्या रताळ्याच्या बोटाएवढ्या सहा फोडी.
सहाच. मोजल्यात. माझा नाइलाज आहे.

त्यानं आधी परातीला चापट मारली,
आवाज आवडला, पुन्हा मारली.
मग वरणात पंजा बुडवला,
पुढून बघितला, मागून बघितला,
आणि डोक्यावरून फिरवला.

पहिली फोड निसटली.
दुसरी मुठीत गेली ती मुठीतच राहिली,
बोटांच्या फटींतून रताळं बाहेर,
आणि हा आपली मूठ चोखतोय.

माझा हात दोनदा उठला.
दोन्ही वेळा मांडीखाली दाबला.
काऊचा घास ओठावर आला होता,
तो मीच गिळला.

मग ठसका.
मी उभा, परात कलंडली,
अंगणवाडीतल्या अयोध्याताईंचं सगळं सांगणं डोक्यातून गेलं,
एवढंच उरलं:
खोकल्याचा आवाज येतोय ना, मग थांबायचं.
थांबलो.
लाल झाला, डोळे भरले,
जिभेवर रताळ्याचा तुकडा परत आला.
त्यानं तो दोन बोटांनी काढला, नीट बघितला
आणि पुन्हा तोंडात घातला.

माझ्या आईनं मला असं कधी खाऊ दिलं नाही.
मोंढा उठला की ती झाडू घेऊन जायची,
काट्याखालचं, चाकांखालचं मातेरं गोळा करायची,
सुपात घोळून घोळून
मातीतून पावशेर तूर वेगळी करायची.
घास तिच्याच हातानं, थेट नरड्यापर्यंत.
सांडू नको,
हे मला माझ्या नावाआधी कळायला लागलं.
शाळेत डबा खातानाही
मी डाव्या हाताची ओंजळ हनुवटीखाली धरायचो.
अजून धरतो. महानंदा हसते.

आणि हा बघा.
भात मांडीवर, भात फरशीवर,
भात बेंबीत.
अख्खी परात सोडून
त्याला दिसलंय गुडघ्यावरचं एक शीत.
अंगठा आणि पहिलं बोट खाली येतंय,
काट्यासारखं थरथरतंय,
सापडलं. पडलं. सापडलं.
गालाला लागलं, नाकाला लागलं.
माझंच तोंड केव्हा उघडलं
मला कळलं नाही.
गेलं.

माझ्या काट्यावर आकडा हललाही नसता.

झाडू आणायला उठलो.
दारापर्यंत गेलो, परत आलो, बसलो.
मुंग्या आल्या. येऊ दिल्या.

दुपारी महानंदा आली. किती खाल्लं?
म्हटलं, एक शीत नक्की.
बाकीचं लिहून घेता आलं नाही.
ती पिशवी ठेवत भिंतीकडं बघत राहिली,
घड्याळाच्याही वर,
वरण इतक्या उंच कसं गेलं?

ते मलाही सांगता येणार नाही.